मौनाचा नवस आणि टाचेतला थेंब

नवस बोलताना माणसानं फोनचा विचार करावा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! माझी लेक गौरी बाळंतपणाला माझ्याकडे, इथे तेलुगू मुलखात नारायणगुड्याला आली, तेव्हा मी दत्तगुरूंना बोलले, "पोरीची सुखरूप सुटका होऊ दे. बारशापर्यंत सकाळची पूजा आटपेस्तोवर मौन पाळीन."

मुलगी झाली. दवाखान्यात पद्मा सिस्टरनं तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपले. "हर बच्चे का करते अम्मा, थायरॉइड देखने कू." फोन नंबर मी माझाच दिला. ओल्या बाळंतिणीच्या कानाला फोन कशाला?

घरी आलो, आणि ऐन आरतीत सिस्टरचा फोन!

"अम्मा, बच्ची की टेस्ट दोबारा करना है. आज लेके आते ना?"

मौन! "हूं," म्हटलं.

पूजेनंतर वाटलं, गौरीला घोर कशाला? रडेल, दूध आटेल. त्यापेक्षा देवालाच सांगू. एक पारायण बोलले आणि अळिवाची खीर ढवळायला लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आरतीतच. "कैकू नहीं आये अम्मा? आज पक्का?"

"हूं हूं!"

तिसऱ्या सकाळी सिस्टर थेट दारात, जिने चढून धापा टाकत. मी ओठांवर बोट ठेवलं.

"अय्यो पापं! बोल नहीं सकते?"

मी मान हलवली. आता नाही, एवढंच म्हणायचं होतं हो! पण ती बिचारी खुणा करू लागली. पाळणा, टाच, सुई, रिक्षा. मीही 'पूजा आटपू दे' म्हणून हवेत घंटा वाजवली.

"घंटी? इस्कूल?"

तेवढ्यात गौरी बाहेर आली. "आई, काय चाललंय?"

"तुम्हारी अम्मा गूंगी है, मेरे कू मालूम नहीं था," सिस्टर हळहळली. "दो दिन से बोल री मैं, टेस्ट दोबारा करना है."

गौरी पांढरीफटक पडली. "आई! मला सांगितलं नाहीस?"

"अगं रडू नकोस, दूध आटेल!"

सिस्टर दोन पावलं मागे उडाली. "अय्यो देवुडा! बोले!"

मग तिनं समजावलं. थायरॉइड कमी असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. गोळी लवकर सुरू झाली तर पोर इतरांसारखीच वाढते. उशीर मात्र परवडत नाही. निरांजन तसंच ठेवून आम्ही रिक्षात बसलो.

दुसऱ्या तपासणीत शंका खरी निघाली. आता गौरी रोज सकाळी गोळी चुरून आपल्या दुधातून बाळाला देते. नातीनं छान बाळसं धरलंय, हाक मारली की वळून बघते.

सिस्टर म्हणाली, "खून लेना आसान है अम्मा. पूरे देश में हर बच्चे का लेव. पर हूं बोलने वालों को ढूंढते ढूंढते चप्पल घिस जाते!"

म्हणून मी नवा नवस बोललेय: फोन वाजला की आरती थांबवायची. तुमच्याकडे पाळणा हलणार असेल तर टाचेतल्या थेंबाची तपासणी स्वतःहून मागा, आणि हाच नवस तुम्हीही बोला. दत्तगुरू थांबतात हो. सिस्टरला मात्र तीन जिने चढावे लागतात.