उसवलेली पिशवी

आमची ताई नाकावर माशी बसू देत नाही. आज ती एका कारखान्यात बॅगांचे नमुने बनवते आणि वेळ आली की तिथल्या मालकालाही सुनावते. पण हा स्वभाव काही नोकरीने दिलेला नाही. नववीतच तो पुरता तयार झाला होता.

नववीत घरच्यांनी तिला हिशेबशास्त्र घ्यायला सांगितलं, हिने कला आणि डिझाइन घेतलं. मामा म्हणाला, "चित्रं काढून पोट भरतं का?"

"तू हिशेब शिकलास ना मामा? मग दुकान कसं बुडालं?"

मामा बरेच दिवस आमच्याकडे फिरकला नाही.

बाबा पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचे. विषय त्यांनाही पटला नव्हता, पण ताईच्या तोंडी लागण्यापेक्षा ते मशीन चालवत बसायचे. त्यांच्या दुकानात एक शिस्त होती. गिऱ्हाईक यायच्या आत चिंध्या झाडायच्या, खडूच्या खुणा पुसायच्या, कच्चा दोरा ओढून काढायचा. कच्चं काम लोकांना दिसणं म्हणजे त्यांना अब्रू गेल्यासारखं वाटे. आम्ही दोघी त्याच शिस्तीत वाढलो.

वर्षाच्या शेवटी शाळेने रोजच्या वापराची एखादी वस्तू करायला सांगितली. आमच्या आजोबांचा एक हात लुळा पडला होता. त्यांच्यासाठी ताईने चष्मा आणि सुटे पैसे ठेवायची पिशवी केली. तिच्या तोंडाची दोन टोकं चिमटीत दाबली की ती उघडायची, सोडली की टक्कन मिटायची. पिशवी जमली तशी ताईने आधीची चित्रं, कागदी कटिंग, फसलेले तुकडे सगळं कचऱ्यात टाकलं आणि पिशवीला इस्त्री करून ती शाळेत नेली.

चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, "आणि कच्चं काम कुठंय?"

"टाकलं."

अर्धे गुण त्यालाच होते. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला हे स्वप्नातही सुचलं नसतं. बाईंनी पिशवी उलटसुलट पाहिली. "एवढी सफाई? वडिलांनी शिवली ना?"

प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. मी त्याच शाळेत, म्हणून बाबांना बोलवायला मलाच पिटाळलं.

बाबा आल्यावर मुख्याध्यापक सर ताईला म्हणाले, "वडिलांनी शिवली हे कबूल कर, काठावर पास करतो. नाहीतर हा विषय सोड आणि हिशेबशास्त्र घे."

बाबा हळूच म्हणाले, "म्हण ना बाळा. काय जातंय आपलं?"

मला बाबांचा असा राग आला म्हणून सांगू! तो अजून गेलेला नाही.

"माझं जातंय," ताई म्हणाली. तिने टेबलावरची कात्री उचलली आणि सरळ पिशवी उसवायला घेतली.

"अगं, अगं!" बाई ओरडल्या. ताई ऐकतेय कसली? तिने अस्तर उलटून त्यांच्यापुढे धरलं. आतल्या कापडावर सुईच्या भोकांच्या जुन्या ओळी होत्या, एकीखाली एक.

"इथे पुठ्ठा घातला होता, तो मऊ पडला. इथे तार घातली, ती वाकली ती वाकलीच. हा जोड बघा, इथे मी कापड तोकडं कापलं होतं. हवंय ना कच्चं काम? मोजा किती चुकले ते!"

"पण शिवलं कुणी, हा प्रश्न आहे," सर म्हणाले.

ताईने शेवटचा टाका तोडला. आतून पोलादी पट्टीचे दोन तुकडे टेबलावर पडले. पिवळे, त्यावर आकडे छापलेले.

बाबा ताडकन उठले. "ही माझी टेप! खिडक्या मोजायची! घरभर शोधतोय मी!"

"कापली," ताई म्हणाली.

आता बाबांचा आवाज चढणार म्हणून मी दाराकडे सरकले. बाबांनी एक तुकडा उचलला. वाकवला, सोडला, तो टक्कन सरळ झाला. पुन्हा वाकवला, पुन्हा सोडला. मग ते सरांकडे वळले.

"साहेब, ही मी शिवलेली नाही. मला हे सुचलंच नसतं."

बाईंनी अस्तर, पट्ट्या, दोरे एकेक करून पुढ्यात ओढले. "हे असंच राहू दे," त्या म्हणाल्या. "याचेच गुण देते. विषय सोडायची गरज नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईच्या नाही.

"द्या," ती म्हणाली. "पण शाळा सुटायच्या आत तपासा. पिशवी आजोबांची आहे, घरी नेऊन परत शिवायचीय मला."