तळवे दाखवा

आम्हां दोघांचं कधी मोठं भांडण झालं नाही. भांडायला समोरासमोर बोलावं लागतं, आणि ती सवय आमच्या घरात नव्हती.

लग्न होऊन मी धायरीत आले तेव्हा घर भरलेलं होतं. सुनेनं मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत. मी तर मुळातच अबोल. चौथीत शाळा सुटली, तोवर उत्तर येत असूनही मी वर्गात कधी हात वर केला नव्हता. त्यामुळे ही रीत मला जाचक वाटली नाही, उलट सोयीचीच वाटली. ह्यांना काही सांगायचं असलं की मी धाकट्या दिराला सांगायची. पुढे मुलगा बोलायला लागला तसं ते काम त्याच्याकडे गेलं. "बाबांना विचार, चहा ठेवू का." बाबा तिथेच बसलेले. "सांग तुझ्या आईला, अर्धाच कप." मुलगा नुसती मान इकडून तिकडे फिरवायचा. सांगायचं काय, दोघांनाही सगळं ऐकू आलेलंच असायचं.

सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले. शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि आम्हीही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मुलाचं लग्न झालं. त्याचं आणि सुनेचं ऑफिस पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून ती दोघं तिकडे वाघोलीला गेली. घरात आम्ही दोघंच उरलो आणि मधे बोलायला कुणी राहिलं नाही.

मग आम्ही मोबाईलचा आधार घेतला. मी स्वयंपाकघरातून मुलाला फोन लावायची, "बाबांना सांग, ताट वाढलंय." थोड्या वेळाने हॉलमधला ह्यांचा फोन वाजायचा. हे म्हणायचे, "बरं, उठतो." आम्हाला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. एकदा मुलगा कामात होता म्हणून सुनेनं फोन घेतला.

"आई, सॉरी हं, पण बाबा आत्ता कुठे आहेत?"

"हॉलमधे."

"आणि तुम्ही?"

"ओट्याजवळ."

"आणि मी वाघोलीत. मधे अख्खं पुणं आहे, आई. तुमचं वरण गार नाही का होत?"

वरण गार होत होतं, ते खरंच होतं. मी हसले, पण ह्यांना आवाज दिला नाही. ताट हॉलमधे नेऊन ठेवलं आणि टीव्हीकडे बघत म्हणाले, "जेवण आहे." हे टीव्हीलाच म्हणाले, "हां."

असंच चाललं असतं, पण ह्यांच्या पायाला जखम झाली.

इमारतीच्या मागे आम्ही थोडं रान राखून ठेवलंय. मेथी, कांदापात, वांगी निघतात. हे सकाळी उठले की आधी तिकडे जातात. बांधावर चप्पल काढायची आणि अनवाणी आत शिरायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. रस्त्याची घाण रानात न्यायची नाही. पण आता शेजारी बांधकाम चालू असतं. खिळे, फरशीचे तुकडे, काय काय उडून मातीत पडतं. त्यातलंच काहीतरी तळव्यात शिरलं. ह्यांना साखर आहे, बऱ्याच वर्षांपासून. टोचलेलं कळलंच नाही. पायपुसण्यावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा त्यांनी मुलाला फोन केला, की आईला हळद काढून ठेवायला सांग. मुलगा मीटिंगमधे होता, तो विसरला. त्याला आठवलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

"आई, बाबांच्या तळव्याला लागलंय म्हणे. तू बघितलंस का?"

मी खाली बसून मेथी निवडत होते. हे समोरच खुर्चीत, पाय स्टुलावर. मान जरा वाकडी केली असती तर मला दिसलं असतं. पायाला जुन्या रुमालाची पट्टी बांधलेली होती. कालपासून ते पाऊल तसंच होतं आणि त्याची बातमी मला वाघोलीहून आली.

मी भाजी तशीच टाकून उठले.

सिंहगड रोडवरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पट्टी सोडली आणि चष्मा वर केला. "कधी लागलं हे?"

हे म्हणाले, "हिला इचारा."

मी म्हणाले, "त्यांना विचारा."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे बघितलं. "आपण दोघं एकाच घरात राहता ना? की येताना रिक्षात ओळख झाली?"

नर्स हसली. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण पुढचं बोलणं हसण्याचं नव्हतं. साखर वाढली की पायाची जाणीव कमी होते, त्या म्हणाल्या. जखम खोल आहे. आत हाडापर्यंत गेली तर बोट काढावं लागेल, कदाचित त्याच्याही वर. आता पायावर भार द्यायचा नाही, ड्रेसिंगला यायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, ह्यांना स्वतःचा तळवा दिसणार नाही आणि दुखलेलं कळणार नाही. म्हणजे डोळे तुमचे आणि तोंडही तुमचंच. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. लाल दिसलं, फोड दिसला, गरम लागलं तर तसंच यायचं. आणि विचारायचं. फोनवरून नाही."

फोनचं त्यांना कुणी सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही. आम्ही घरून निघता निघता सुनेनं त्यांचा नंबर मागून घेतला होता एवढं आठवतं.

त्या संध्याकाळी मी स्टूल ओढलं, मऊ फडकं घेतलं आणि ह्यांच्यासमोर बसले. काय म्हणावं ते सुचेना. एवढ्या वर्षांत ह्यांना सरळ हाक मारली नव्हती. शेवटी डॉक्टरीणबाईंचेच शब्द वापरले.

"तळवे दाखवा."

हे इकडेतिकडे बघायला लागले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मला म्हणतीस?"

"मग काय टीव्हीला?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं मलाच कळलं नाही. ह्यांनी मुकाट पाय वर ठेवला. मग म्हणाले, "बायकूला पाय बघाया लावायचं म्हंजी लईच झालं." मी म्हणाले, "दिवाळी-पाडव्याला पाया पडतेच की. आता रोज पाडवा समजा."

हे हसले. खुर्ची हलेपर्यंत हसले. मी पाय घट्ट धरून ठेवला.

मग ते रोजचंच झालं. चांगला पाय कोमट पाण्यानं धुवायचा, पाणी आधी माझ्या कोपरानं बघायचं, कारण ह्यांच्या पायाला गरम-गार कळत नाही. बेचक्या कोरड्या पुसायच्या. टाचेला खोबरेल, पण बेचक्यांत नाही, तिथे ओल राहिली की कातडं सडतं. जखमेच्या पायाची पट्टी वरून कोरडी आहे का, बोटांचा रंग कसा आहे, ते बघायचं. हे सगळं चालू असताना ह्यांना पाय हलवता यायचा नाही आणि मला उठता यायचं नाही. अशा वेळी माणूस बोलणार नाही तर काय करणार?

पहिल्यांदा बोलणं पायाचंच होतं. इथे लागतंय का, न्हाई, इथे, न्हाई. मग जेवणाचं आलं. मी विचारलं, "भात सोडायला एवढं जड का जातंय?" इतकी वर्षं मी मुलाकरवी निरोप धाडत होते की बाबांना भात कमी खायला सांग, आणि हे हट्टानं दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. हे म्हणाले, "ज्वारीची भाकर तू पातळ करतीस. आईसारखी जाड कर, मंग भात नगं." एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी मी जाड भाकरी थापली. पिठल्याबरोबर ह्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि भाताच्या भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला तेव्हा कळलं की मधल्या माणसाकडून निरोप पोचतो, पण त्याचं कारण वाटेतच राहतं. हे मी सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसात हे शिकवायला बाहेरून माणसं बोलावतात." मी म्हटलं, "त्यांना चहा तरी चांगला देता का?"

जखम हळूहळू भरत आली. ड्रेसिंगच्या दिवशी डॉक्टरीणबाई पट्टी सोडायच्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. सुरुवातीला त्या काही बोलत नसत. मग एकदा "हं" म्हणाल्या. मग एकदा "छान." शेवटी म्हणाल्या, "वाचलं बोट. पण आता अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा. परत असं झालं तर मी 'छान' म्हणणार नाही."

घरी येताच हे म्हणाले, "बाकी सगळं ऐकीन. पर रानात चप्पल घालून जायचं न्हाई."

"का?"

"आजवर कुणी गेलं न्हाई. रस्त्यावर कुत्री, थुंकी, गटार. ती चप्पल मातीत ठिवायची? त्यापरीस रान नगं."

आणि ते खरंच गेले नाहीत. गॅलरीत बसून वरूनच वाफ्यांकडे बघायचे. वांगी जून झाली. भाकरीसुद्धा अर्धीच खायला लागले. चप्पल घातली तर मन मोडतं, न घातली तर पाय जातो. मुलगा रविवारी येऊन समजावून गेला, चिडूनही गेला. मी रोज तळवे बघत होते, ते स्वच्छ होते, पण ह्यांचा चेहरा उतरलेला बघवत नव्हता.

एकदा बेचक्या पुसता पुसता मी विचारलं, "चप्पल वाईट की तिला लागलेला रस्ता वाईट?"

"रस्ता."

"मग जी रस्त्यावर कधी गेलीच नाही अशी चप्पल असली तर?"

ह्यांनी गॅलरीकडे बघितलं. "म्हंजी निस्ती रानातली?"

"नुसती रानातली. देवघराचं फडकं कसं, दुसऱ्या कशाला वापरत नाही, तसं. बांधावरच्या कडुनिंबाला पिशवीत टांगून ठेवायची. बाहेरची तिथे काढायची, ही घालायची."

"आन् दुकानातनं आणताना?"

"खोक्यातून आणीन. जमिनीला टेकवणार नाही."

"बघ बरं."

सुनेबरोबर मी स्वतः दुकानात गेले. एरवी दुकानात मी मागे उभी राहते, पण त्या दिवशी दुकानदाराला म्हणाले, मागून पट्टा हवा, पुढून बंद हवी, आतून शिवण टोचायला नको. मी हात घालून आतून चाचपून बघितली. सून माझ्याकडे बघतच राहिली. ह्यांच्या पावलाचं माप मी कागदावर काढून नेलं होतं, त्याच्याशी लावून बघायला दुकानदारानं ती फरशीवर ठेवली तेवढ्यात मी ओरडले, "खाली नको!" त्यानं मुकाट दुसरी काढून दिली.

सकाळी हे निघाले. मी गॅलरीतून बघत होते. बांधाशी गेले, रस्त्याची चप्पल काढली. पिशवी झाडालाच होती. हे तिच्याखालून तसेच पुढे गेले, थेट रानाच्या कडेला. जुनी सवय, पाय आपोआप चालले. एक पाऊल उचललंसुद्धा.

मुलाला फोन लावायला वेळच नव्हता.

"अहो!"

एवढा मोठा आवाज माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हतं. वॉचमननं मान वर केली. समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. ह्यांचं पाऊल अधांतरीच राहिलं.

"काय गं?" हे तिथूनच ओरडले.

"चप्पल!"

"इसरलो!"

"मग घाला की!"

हे मागे फिरले, पिशवी काढली, बुंध्याला टेकून पट्टे लावले. मला वाटलं चिडले असतील. माझे कान तापले होते, आत पळावंसं वाटत होतं. तेवढ्यात हे रानात शिरले, दोन-चार पावलं टाकून बघितली आणि वर बघून हात हलवला.

"अगं, मेथी काढू का कांदापात?"

"मेथी!"

"आँ?"

मी कठड्यावर वाकले. "मेथी! आणि कोवळी बघून काढा, कालची बाजारातली जून होती!"

"कालची तू निवडलीस!"

समोरची बाई हसायला लागली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "काका, एक जुडी आम्हालापण!" हे म्हणाले, "देतो की," आणि खाली वाकून मेथी उपटायला लागले, चपलांसकट.