तुळशीखालची रेघ

रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. पूलच्या जाळीत केस साठतात ना, तसे. कुणीतरी हात घालून काढावेच लागतात! माझ्या वाट्याचे सगळे किस्से एकाच टॅटूचे आहेत.

सुरुवात एका रेघेनं झाली.

आमच्या कर्जतच्या रिसॉर्टवर मॅनेजर शिंदे सरांनी गेस्टसाठी पूलजवळ एका दिवसापुरता टॅटू कॉर्नर लावला होता. गर्दी ओसरल्यावर विकी नावाच्या त्या टॅटूवाल्याला मी मोबाईलमधला एक फोटो दाखवला. आईच्या मनगटावर गोंदलेली तुळस. आई गेली त्या आठवड्यात दवाखान्यात काढलेला फोटो, सलाईनच्या चिकटपट्टीसकट. त्यानं माझ्या मनगटावर तस्सं काढून दिलं आणि झाल्यावर माझ्या हाताचा फोटोही काढून घेतला. मला तेव्हा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुताना बघते, तर तुळशीखाली एक सरळ रेघ. आईच्या हातावर रेघ कधीच नव्हती. ती चिकटपट्टीची कड होती!

फोन केला. विकी म्हणाला, “मॅडम, फोटोत आहे ना! आता फक्त हात भिजवू नका, बाकी काय नाय होत.”

त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. आणि हात भिजवायचा नव्हता म्हणे. पूल, रेन डान्स आणि नकली धबधबा असलेल्या रिसॉर्टमध्ये!

*

किचनचे सलीमभाई म्हणाले, “याला हवा लागू द्यायची नाय.” आणि चिकन गुंडाळायच्या प्लास्टिकमध्ये त्यांनी माझा हात कोपरापर्यंत घट्ट गुंडाळून टाकला.

मी घाबरत विचारलं, “सलीमभाई, काढायचं कधी?”

“अगं, आधी मॅरिनेट तर होऊ दे!”

अख्खं किचन हसलं. मीही हसले. संध्याकाळी प्लास्टिक सोडलं, तर आतून पाणी निथळलं आणि असा वास आला, की तेव्हापासून मी चिकन खात नाही.

*

हाऊसकीपिंगच्या सुनंदामावशी कशेळ्याच्या पलीकडून येतात. त्यांच्या दोन्ही हातांवर हिरवंगार गोंदण आहे, म्हणून मला वाटलं, निदान यांना तरी कळत असेल.

“आमाला गोंदलं तवा कुठलं आलंय मलम? हळद नि खोबरेल! आन गं हात इकडं.”

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी चोळूनसुद्धा दिलं. रात्रभर हात ठणकला. सकाळी मनगट सुजून लाल. मी धावत त्यांच्याकडे गेले. “मावशी, तुमचा हात नव्हता का सुजला?”

“सुजला की! तापानं फणफणले व्हते मी. मेलेच व्हते!”

*

हळदीचा डाग शिंदे सरांना दिसला. “रिसेप्शनवर हळदीकुंकू होतं का? आणि हे मनगट झाक. गेस्टला बरं दिसत नाही.”

म्हणून मला फुल बाह्यांचा युनिफॉर्म मिळाला. पॉलिएस्टरचा, वरपर्यंत बटणं. दर हालचालीला खपली त्यात अडकायची आणि कापड सोडवताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच दुपारी एक गेस्ट आले. बनियन घातलेले, खांद्यापासून बोटांपर्यंत ड्रॅगन. शिंदे सर काउंटरच्या बाहेर येऊन म्हणाले, “वा सर! काय आर्ट आहे!”

मग माझ्याकडे वळून, हळूच, “बटण लाव.”

*

रेन डान्सला गेस्टबरोबर स्टाफच्या दोघीतिघींनी नाचायचं असतं, म्हणजे वातावरण तयार होतं. एक मुलगी आली नव्हती. शिंदे सरांनी मला पाठवलं.

“सर, हात भिजवायचा नाहीये.”

“मग हात वर करून नाच ना! सगळे तसेच नाचतात.”

पाणी वरूनच पडतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी हात वर करून नाचले.

*

ताप आला तेव्हा सुट्टी मागितली. उत्तर आलं, “शनिवार-रविवारी आजारी पडायचं नाही, हे इंटरव्ह्यूतच सांगितलं होतं ना?”

सोमवारी चौक गावच्या डॉक्टरबाईंकडे गेले. “काय काय लावलंस?” मी सांगत गेले. प्लास्टिक, हळद, खोबरेल, युनिफॉर्म, रेन डान्स. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“रिसॉर्टमध्ये अजून कोणी राहिलंय का?”

औषधं दिली. म्हणाल्या, रक्त तपासू, पण ज्यानं काढलंय त्याला आधी विचार, सुई नवी होती का? हे मला सुचलंच नव्हतं.

“आणि पू झालाय, तिथली शाई जाणार. तुळशीची दोन पानं पुसट होतील.”

“आणि खालची रेघ?”

त्यांनी टॉर्च मारून बघितलं. “रेघ? ती मस्त बसलीय!”

*

त्या आठवड्यात मी विकीला किती फोन केले, मलाच माहीत. जेवताना, जीपमध्ये, बाथरूममध्ये. एकच प्रश्न होता. सुई नवी होती का? रिंग जायची आणि आपोआप बंद व्हायची.

आणि शनिवारी काउंटरवरून मान वर केली, तर काचेपलीकडे, पूलजवळ विकी! तोच स्टूल, तीच छत्री. शेजारी नवा बोर्ड, त्यावर माझं मनगट. ताजं, काळंभोर, सगळ्या पानांसकट, रेघेसकट. मुंबईची एक मुलगी ओला हात पुसून त्याच्यासमोर बसत होती.

समोर चेक-इनची रांग होती, डेस्क सोडता येत नव्हतं. मी काउंटरखाली मोबाईल धरून फोन लावला. त्यानं खिशातून फोन काढला, स्क्रीन बघितली आणि परत खिशात ठेवला. मला दिसेल असा.

बाहेरच्या मुलीनं हात पुढे केला.

मी मोबाईल ठेवला आणि रिसेप्शनच्या लँडलाईनवरून तोच नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

“हां, बोला रिसेप्शन! अजून कोणाला तुळस पाहिजे का? पाठवा, पाठवा! ट्रॅडिशनल आहे, खाली रेघवाली!”