गाळलेलं नाव

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुलुंडच्या आमच्या शाळेतून 'कोणी-सर' गेले ते माझ्यामुळे.

हे नाव आम्हीच पाडलेलं. शिकवायचे नागरिकशास्त्र, पण पुस्तक उघडायच्या आधी विचारायचे, "हे कोणी ठरवलं?" मधली सुट्टी वीसच मिनिटं, कोणी ठरवलं? मुली खिडकीकडे, मुलगे दाराकडे, कोणी ठरवलं? उत्तर स्वतः कधी सांगायचे नाहीत. बाकीचे शिक्षक त्यांना टाळत. सुट्टीत ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एकटेच डबा खात बसायचे.

आठवीत मी मॉनिटर होतो. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. इतर शिक्षक ती वाचून छड्या मारत. सर यादी वाचून मला म्हणायचे, "बरं. आता कोणाचं लिहिलं नाहीस ते सांग." मागून कोणीतरी ओरडायचा, "सर, दळवीचं. तो ह्याला कैऱ्या देतो ना." वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. "छडी सगळ्यांना दिसते रे. सत्ता बघायची तर गाळलेलं नाव शोधा."

एकदा म्हणाले, आज प्रश्न तुम्ही विचारा. मी उठलो. "संस्थेच्या अध्यक्षांना कोण विचारतं?" सरांनी तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. फळा पुसायचा राहिला. दुपारी नेमके अध्यक्षच शाळा बघायला आले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आवाज मऊ होता. "बस. आई बरी आहे ना? यंदा कायम व्हायचीय ना ती?" आई त्याच शाळेत शिपाई होती, बाबांची गिरणी बंद पडल्यापासून घर तिच्यावर. बाहेर ती टोल देत होती, तो मला ऐकू येत होता. त्यांनी कागद पुढे सरकवला. "तो प्रश्न कोणाचा, तेवढंच लिही."

मी लिहिलं, 'सरांचा.'

सरांनाही विचारलं असणारच. आईला काही झालं नाही, यावरूनच कळलं की त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

सरांना मात्र काढलं. शेवटच्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा फळ्यावर माझी यादी होती. ती त्यांनी सावकाश वाचली. "कोणाचं राहिलं?"

"कोणाचं नाही, सर."

"बरं," म्हणाले, आणि डस्टर माझ्या हातात देऊन गेले.

आई कायम झाली, निवृत्त झाली, गेलीही. तिलाही हे सांगितलं नाही. सर बोरिवलीला राहायला गेले एवढं कानावर आलं होतं. बोरिवली काही लांब नाही. मी गेलो नाही. आता ते असतील की नाही, ठाऊक नाही.

तो प्रश्न माझा होता. हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं अजून राहिलं आहे.