अडून बसायला लागणारा वेळ

प्रभाताईंची शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. अलिबागचा सामना जिंकून आम्ही मुली थेट तिथेच गेलो होतो. पिशवीतून कप बाहेर काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "जेवलात खंय?" मी म्हटलं, "ताई, मैदानाबाहेर वडापाव खाल्ला." त्यांनी डोळे मिटले. "वडापाव म्हणजे काय जेवण न्हय गो..." त्याच आठवड्यात त्या गेल्या. आता महिना होत आला. गेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द काहीतरी थोर असावेत अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे एवढेच आहेत आणि मला ते पुरतात.

घाटकोपरच्या आमच्या मंडळाच्या महिला कबड्डी संघाच्या त्या व्यवस्थापक. वडील गिरणीतले, मूळ मालवणकडचे. ताई स्वतः कांजूरमार्गला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. खेळायच्या तेव्हा त्यांच्या पकडीतून कुणी सुटत नसे म्हणतात, पण ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते परगावी जेवणाची जागा शोधणं. एस.टी.तून उतरलं की आम्ही सामानावर बसून राहायचं आणि ताई तडक मासळीबाजार गाठायच्या. 'चांगलं हॉटेल कुठे आहे' असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. त्या कोळणीला विचारायच्या, "सकाळची ताजी मासळी कोण नेता, आणि सांजेची उरलेली कोण?" मग पहिल्याचा पत्ता घेऊन परत. मासळी नसलेल्या गावात हाच प्रश्न भाजीवालीला. या एका प्रश्नाच्या जोरावर आम्ही अशा खानावळींत जेवलो, की पाटीसुद्धा नाही, पण आमटीची वाटी तोंडाला लावली की दिवसभराचा शीण उतरावा.

जागा सापडली की खरी लढाई सुरू व्हायची. सोबत पुरुष नाही आणि पोरींचा घोळका दारात, म्हटल्यावर मालक मान वर न करताच बोट दाखवायचा, "लेडीज आत, फॅमिली रूममध्ये." ही फॅमिली रूम म्हणजे मळक्या पडद्यामागची कोंदट खोली, कोपऱ्यात कांद्याची पोती, वर पंख्याचा नुसता हूक. ताई उंबऱ्यातच उभ्या राहायच्या. "सगळ्या गावासमोर खेळायला आणलंत ना आम्हाला? मग जेवायलाच पडद्याआड कशाला? आम्ही बाहेर बसणार." बहुतेक मालक कुरकुरत का होईना, टेबलं जोडून द्यायचे.

एका तालुक्याच्या गावी मात्र शेरास सव्वाशेर भेटला. "पुरुषमंडळी उठू देत, मग बसा बाहेर," तो म्हणाला. "थांबतो," ताई म्हणाल्या. एक टेबल रिकामं झालं की त्याच्या ओळखीचं कुणीतरी येऊन बसायचं. आतून तळलेल्या सुरमईचा वास, आणि आम्ही भिंतीला टेकून उभ्या. अखेर पानं मांडली तेव्हा सामना तोंडावर आला होता. सकाळपासूनच्या उपाशी पोरी, समोर गरम भाकरी... हात आखडता घेणार कोण? तुडुंब जेवलो आणि तशाच मैदानात उतरलो. चढाईला गेलेलीला परत मध्यरेषेपर्यंत धावता येईना. दणकून हरलो. परतीच्या गाडीत कल्पना, आमच्यातली सगळ्यात फटकळ, बोललीच, "ताई, आत बसलो असतो तर जिंकलो असतो ना! काय मिळालं अडून?"

मंडळात तर आमची वाटच लागली. अध्यक्षांनी फर्मान काढलं, यापुढे घरून डबे न्या, नाहीतर सोबत एक पुरुष न्या, तो बघेल जेवणाचं. मला वाटलं, आता संपलं, यापुढे जिथे जाऊ तिथे पडद्याआड. ताई उठल्या. "चूक माझीच झाली. अडून बसायला वेळ लागता, तो मी धरलाच नाय. पुढच्या खेपेपासून धरून निघू." तेव्हापासून आमची निघायची वेळ पहाटेची झाली. प्रवासाचा वेळ वेगळा, जेवणाचा वेगळा आणि भांडणाचा वेगळा. डबे नेले नाहीत, पुरुषही नेला नाही. नवी मुलगी पहाटेच्या नावाने बोटं मोडायची, पण पहिल्याच दौऱ्यात तिला कारण कळायचं.

ताई गेल्यानंतर गेल्या रविवारी पहिल्यांदाच परगावी गेलो. आता व्यवस्थापक मी. भाजीवालीला तो प्रश्न मीच विचारला. खानावळीच्या दारात उभी राहिले, मनात वाक्यं जुळवली, पदर खोचला. गल्ल्यावरच्या माणसाने वर पाहिलं आणि म्हणाला, "या, या. पंख्याखाली बसा." त्याने स्वतःच दर्शनी खोलीतली दोन टेबलं जोडून दिली. जेवण झकास होतं. हात धुऊन बाहेर आलो तर सामन्याला अजून कितीतरी अवकाश. भांडणासाठी राखून ठेवलेला सगळा वेळ तसाच हातात उरला होता आणि त्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. पायरीवर बसलो. आधी कल्पना रडली, मग आम्ही सगळ्याच. इतक्या दिवसांत तेवढी फुरसत मिळालीच नव्हती.

पुढच्या महिन्यात सोलापूरकडे जायचं आहे. तिथला मालक कसा असेल, देव जाणे. मुलींना मी पहाटेचीच वेळ सांगून ठेवली आहे.