कोरा मंत्र

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक परदेशी बाई रोज सकाळी जपाला बसायची. हात कापडी गोमुखीत, तर्जनी तेवढी बाहेर. मला जरा हसूच यायचं. एकदा न राहवून विचारलं, "गुरूंनी कोणता मंत्र दिलाय?"

"तो सांगायचा नसतो," ती इंग्रजीत म्हणाली. "फक्त माझ्यासाठी म्हणून कोणी कानात काही सांगितलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच. तुम्हाला मिळालाय?"

मुंजीत वडिलांनी उपरण्याआड माझ्याही कानात सांगितला होता. माझ्या लक्षात राहिल्या त्या जिलब्या.

"मिळालाय. पण कधी म्हटलाच नाही."

"मग तो अजून कोराच आहे," म्हणत तिने डोळे मिटले.

घराकडे वळलो आणि पहिली ओळ आठवली. वडिलांच्या आवाजात.