लॅबवाल्या भाऊजींचा कॉलरा

बाळांनो, साऱ्या मराठवाड्यात एका जंतूसाठी साहेबाशी भांडलेला माणूस एकच, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. हिमायतनगरकडचे हे भाऊजी नव्या लातूर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब सांभाळत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, जंतूंची कुळी मात्र तोंडपाठ. काचेवरचे जंतू जांभळे रंगवून स्पिरिटनं धुतले की काही रंग धरून ठेवतात, काही सोडतात. भाऊजी माणसांचीही तशीच वर्गवारी करत. तुमचे आजोबा ‘रंग सोडणारे’, कारण माझ्यासमोर त्यांचं मत टिकत नसे.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एका वस्तीची एकुलती विहीर तळाला गेली आणि माणसं जुलाबांनी आडवी व्हायला लागली. भाऊजींनी नमुने आणले तर वीज गुल, जंतू वाढवायची उबदार पेटी बंद. मग या गृहस्थानं नळ्यांना घट्ट बुचं लावली, त्या फडक्यात गुंडाळून पोटाला बांधल्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात चहा मागायला उभे! मी किंचाळलेच.

"भिऊ नका वैनी, अंगाची ऊब पेटीइतकीच हाय. फकस्त मला हसवू नका."

दिवसभर ते अवघडलेल्या बाईसारखे जपून चालले. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखे जंतू सुसाट पळताना दिसले. कॉलरा ओळखायच्या द्रवाचा थेंब टाकताच सगळे एकमेकांना चिकटून थांबले. निदान पक्कं.

दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "नवा जिल्हा, पहिला उन्हाळा, अन् कॉलरा? गॅस्ट्रो लिहा." गॅस्ट्रो लिहिलं असतं तर विहीर बंद झाली नसती, टँकर आला नसता.

"साहेब, मी डोळ्यांनी पाहून राहिलो, गॅस्ट्रो कसं लिहू?"

"मग बदलीची तयारी ठेवा."

"बदली माझी व्हईल साहेब, जंतूची न्हाई."

अहवाल इंग्रजीत द्यायचा आणि टाईपरायटर आमच्या घरी, म्हणून टाईप करून घ्यायला ते माझ्याकडे आले. त्यांची लेकरं नुकती कुठं शाळेत रुळली होती. त्या काळजीनं मी न विचारताच ‘गॅस्ट्रो’ टाईप केलं. भाऊजींनी कागद वाचला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

"का वैनी, तुमच्या विंग्रजीत कॉलरा न्हाई का?"

मी दुसरा कागद चढवला आणि ‘कॉलरा’ टाईप केलं.

विहीर बंद झाली, टँकर सुरू झाला, वस्तीतली माणसं उठून बसली. आठवड्याच्या आत भाऊजींची माहूरला बदली झाली. तुमचे आजोबा त्यांना बसवर पोचवायला गेले. मी लेकरांसाठी दशम्या बांधून दिल्या, पण स्वतः गेले नाही. भाऊजी काही बोलले नसते, नेहमीसारखे हसलेच असते. आधी ‘गॅस्ट्रो’ टाईप करून बसलेल्या माझी त्या हसण्यापुढं उभं राहायची हिंमत झाली नाही. निदान फाटकापर्यंत तरी जायला हवं होतं.